शार्लटचा होकार : ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधील लग्न, उत्पन्न आणि प्रतिष्ठा

तलावपाळी (धागाकर्ती)

ठाण्यातील आमच्या वाचनगटात या वेळी जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी चर्चेसाठी घेतली होती. जानेवारी १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी बहुतेकांनी विद्यार्थिदशेत वाचलेली होती आणि एलिझाबेथ बेनेट व डार्सी यांची प्रेमकथा एवढीच ती त्यांच्या स्मरणात उरली होती. प्रत्यक्ष चर्चा मात्र शार्लट लुकस या दुय्यम पात्राशी येऊन थांबली आणि तिथून पुढे सरकेना. मतभेद इतके तीव्र होते की ते येथे सविस्तर मांडावेत असे वाटले.

ज्यांनी कादंबरी वाचून बरीच वर्षे झाली असतील त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. बेनेट दांपत्याला पाच मुली आहेत. वडिलांच्या लाँगबोर्न येथील जमिनीचे उत्पन्न वर्षाला २,००० पौंड आहे, परंतु ती जमीन पुरुष वारसालाच मिळावी अशी तजवीज पूर्वीच होऊन गेलेली असल्यामुळे वडिलांच्या पश्चात ती कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातलगाकडे जाणार आहे. हा कॉलिन्स धर्मोपदेशक आहे आणि डार्सीची मावशी असलेल्या लेडी कॅथरीन या धनाढ्य बाईंच्या मर्जीने त्याला हन्सफर्ड येथील चर्चची जागा मिळालेली आहे. तो एलिझाबेथला मागणी घालतो, ती नकार देते, आणि तीन दिवसांच्या आत तो तिच्या जिवलग मैत्रिणीला, म्हणजे शार्लटला, मागणी घालतो. शार्लट होकार देते. तिचे वय २७ आहे, रूप बेताचे आहे, घरची स्थिती बेताची आहे, आणि कॉलिन्स शहाणाही नाही व सहवासाला सुखदही नाही हे तिला पूर्णपणे ठाऊक आहे. आपण भावनाप्रधान नाही, आपल्याला केवळ सुखाने राहता येईल असे घर हवे आहे, असे ती एलिझाबेथला स्पष्ट शब्दांत सांगते.

गटातील बहुसंख्यांचे मत असे पडले की शार्लटने स्वतःला विकले. मला हे मत मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगण्यासाठीच हा धागा काढला आहे.

एलिझाबेथला मागणी घालताना कॉलिन्स तिला एक आकडा ऐकवतो. आईच्या मृत्यूनंतर तिच्या वाट्याला १,००० पौंड येतील आणि ते ४ टक्के व्याजाच्या रोख्यांत असतील, असे तो म्हणतो. म्हणजे वर्षाला ४० पौंड. तो हे औचित्य सोडून बोलतो, पण खोटे बोलत नाही. ज्या मुलीने जन्मभर वर्षाला २,००० पौंड उत्पन्नाच्या घरात दिवस काढले, तिच्या हाती आईवडिलांच्या माघारी एवढीच रक्कम उरणार आहे आणि राहते घरही जाणार आहे. त्या काळी चांगल्या घरातील अविवाहित स्त्रीपुढे भावाच्या आश्रयाने राहणे किंवा परक्याच्या घरी मुलांची शिक्षिका म्हणून राहणे, याखेरीज फारसे मार्ग नव्हते. आणि बेनेट भगिनींना तर भाऊच नाही.

एलिझाबेथचा नकार आपल्याला थोर वाटतो, कारण ती हे सारे ठाऊक असूनही नकार देते. परंतु शार्लटला आपण लोभी ठरवतो तेव्हा आपण नकळत असे म्हणत असतो की पुढचे संकट तितकेसे मोठे नव्हते, ते टाळण्यासाठी एवढी किंमत मोजण्याची गरज नव्हती. संकट खोटे असेल तर एलिझाबेथच्या धैर्यालाही काही मोल उरत नाही. या दोघींचा न्याय एकत्रच करावा लागतो. शार्लटची भीती खरी मानली तरच एलिझाबेथचे धैर्य खरे ठरते, आणि माझ्या मते लेखिकेने शार्लटला कथेत इतक्या काळजीने उभे केले आहे ते याचसाठी.

याच कारणाने मला श्रीमती बेनेट यांच्याविषयीही आपण फार उथळ बोलतो असे वाटते. त्या आरडाओरडा करतात, चारचौघांत शोभणार नाही असे बोलतात, हे खरेच आहे. परंतु त्या घरात मुलींच्या भवितव्याचा हिशेब सतत मांडणारी ती एकटी बाई आहे. विद्वान, मिस्कील आणि आपल्याला आवडणारे श्रीयुत बेनेट ग्रंथालयाचे दार लावून बसतात.

आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

कोपरीकर

धागाकर्तीताई, मांडणी नीटस आहे, पण मी तिच्याशी सहमत नाही. शार्लटची भीती खरी होती हे मला मान्य आहे. भीती खरी असल्याने निर्णय योग्य ठरतो, हे मात्र मान्य नाही.

शार्लटचे लग्न ठरल्याचे कळल्यावर एलिझाबेथला बसलेला धक्का लेखिकेने सविस्तर दाखवला आहे. मैत्रिणीने ऐहिक लाभासाठी मनातील अधिक चांगल्या भावनेचा बळी दिला असे तिला वाटते, आणि यापुढे आपल्या दोघींत पूर्वीसारखा विश्वास राहणार नाही असेही तिला जाणवते. थोरली बहीण जेन हिच्याशी बोलताना तर ती याहून कठोर होते: एका व्यक्तीसाठी तत्त्व आणि सचोटी यांचा अर्थ बदलता येणार नाही, आणि स्वार्थाला शहाणपण म्हणता येणार नाही, असे ती म्हणते. लेखिकेने हे शब्द आपल्या नायिकेच्या तोंडी घातले आहेत. ते बाजूला सारून शार्लटचे समर्थन करणे म्हणजे कादंबरी आपल्या सोयीने वाचणे होय.

शिवाय लेखिकेचे स्वतःचे आयुष्य पाहा. डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर या मोठ्या इस्टेटीच्या वारसाने जेन ऑस्टेनला मागणी घातली. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत घेतला. तिच्यापाशी स्वतःचा पैसा नव्हता, वय सत्ताविसाव्या वाढदिवसाला आले होते, म्हणजे शार्लटचेच वय. पुढे १८१४ मध्ये भाचीला लिहिलेल्या पत्रात तिने म्हटले आहे की प्रेमावाचून लग्न करण्यापेक्षा दुसरे काहीही पत्करावे किंवा सोसावे. जिने स्वतः असा होकार मागे घेतला आणि पुढच्या पिढीला असा सल्ला दिला, ती शार्लटच्या होकाराला मान्यता देत होती असे मी कसे मानावे?

चरईची वाचक

मी कित्येक वर्षे वधूवर सूचक केंद्राचे काम पाहते, त्यामुळे या विषयावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्याकडे नावनोंदणी करताना ‘अपेक्षा’ असा एक रकाना असतो. त्या रकान्यात कोणीही ‘श्रीमंत’ असे लिहीत नाही. ‘सुसंस्कृत कुटुंब’, ‘अनुरूप’, ‘निर्व्यसनी’, ‘ठाणे किंवा मुंबईत स्वतःचे घर’ असे लिहितात. फोनवर बोलताना हळूच पुढचे प्रश्न येतात: घर कर्जाचे आहे का, इमारत पुनर्विकासाला गेली आहे का, घरात आणखी कोण कोण राहते, धाकट्या भावाचा वाटा आहे का. मुलीच्या आईवडिलांनी हे विचारले की मुलाकडची मंडळी नाराज होतात, आणि मुलाकडच्यांनी मुलीच्या पॅकेजची चौकशी केली की मुलीकडची नाराज होतात. प्रत्येकाला दुसऱ्याचा हिशेब दिसतो आणि स्वतःचा हिशेब म्हणजे काळजी वाटते.

म्हणूनच मला या कादंबरीतील सर्वांत सच्चा प्रसंग कोणता वाटतो ते सांगते. शार्लटचे लग्न ठरल्यावर तिची आई श्रीयुत बेनेट आणखी किती वर्षे जगतील याचा मनाशी अंदाज बांधू लागते, कारण त्यांच्यानंतर लाँगबोर्न आपल्या मुलीचे होणार असते. धाकट्या बहिणींना आनंद होतो, कारण थोरलीचे झाले म्हणजे आपला नंबर लवकर लागेल. भावांच्या मनावरचे ओझे उतरते, कारण बहीण जन्मभर आपल्या घरी राहील ही धास्ती संपते. संपूर्ण कुटुंबाचा सुटकेचा निःश्वास त्या एका परिच्छेदात आहे, आणि तो निःश्वास मी माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसांकडून अनेकदा ऐकला आहे.

कोपरीकर, शार्लटने एकटीने निर्णय घेतला असे आपण धरून चालता. मला तर तिच्या मागे उभे राहिलेले सारे घर दिसते. ज्या घराला मुलीचे ओझे वाटते, त्या घराविषयी कोणी सचोटीचा प्रश्न का विचारत नाही?

वागळे इस्टेट

चर्चा उत्तम चालली आहे, पण तिचा पायाच मला थोडा अपुरा वाटतो. विषय लग्न आणि सामाजिक वर्ग असा आहे, आणि ही कादंबरी वर्गभेद ओलांडणाऱ्या लग्नाची आहे असे सगळे गृहीत धरून बोलत आहेत. ती तशी नाही.

डार्सीशी लग्न करू नकोस म्हणून लेडी कॅथरीन एलिझाबेथला धमकावायला येतात तेव्हा एलिझाबेथ काय उत्तर देते ते पाहा. डार्सी प्रतिष्ठित जमीनदार घराण्यातला आहे, मीही तशाच घराण्यातील मुलगी आहे, तेवढ्यापुरते आम्ही समान आहोत, असे ती म्हणते. वर्गाची भिंत असू नये असे ती म्हणत नाही. आपण भिंतीच्या आतच आहोत एवढेच म्हणते. डार्सीचे उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड आणि तिच्या वडिलांचे २,००० पौंड, हा फरक एकाच वर्गातील वरच्या आणि खालच्या पायरीचा आहे. तिची खरी अडचण आईकडच्या नात्यांची आहे: आजोबा मेरिटनला वकिली करीत होते आणि मामा लंडनमध्ये व्यापार करतात.

व्यापाराच्या बाबतीत तर या समाजाची स्मरणशक्ती सोयीने काम करते. डार्सीचा मित्र बिंगली याला वडिलांकडून मिळालेले सुमारे १,००,००० पौंड व्यापारातूनच आलेले आहेत, पण त्याच्या बहिणी ती गोष्ट विसरून एलिझाबेथच्या मामांना नाके मुरडतात. शार्लटचे वडील सर विल्यम हेही आधी व्यापारी होते; राजाने ‘सर’ ही पदवी दिल्यावर त्यांना आपल्या धंद्याचा आणि गावाचा कंटाळा आला. एका पिढीत पैसा धुऊन निघतो आणि मुले उच्चभ्रू होतात.

आता खरोखरच खालून वर येऊ पाहणारा माणूस कोण आहे? विकहॅम. तो डार्सीच्या वडिलांच्या कारभाऱ्याचा मुलगा आहे. मालकाच्या मुलाबरोबर वाढला, मालकाच्या खर्चाने केंब्रिजला शिकला, आणि पुढे मालकाच्याच मुलीला, जॉर्जियानाला, तिच्या ३०,००० पौंडांसाठी पळवून नेऊ पाहतो. कादंबरीने त्याला खलनायक केले आहे. तो माणूस म्हणून वाईट आहे यात शंका नाही, परंतु कारभाऱ्याच्या मुलाने धनिकाच्या मुलीशी सन्मानाने लग्न करावे ही शक्यता लेखिकेच्या जगात उभीच राहत नाही. शेतकरी, मोलकरणी आणि स्वयंपाकिणी यांच्या लग्नांचा तर उल्लेखही नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी कठीण होतो. व्यापाराचा डाग तिथे एका पिढीत जातो, जातीचा डाग आपल्याकडे पैशाने जात नाही. माझे वडील वागळे इस्टेटमधील कारखान्यात कामगार होते. आमच्या पुढच्या पिढीतील मुले इंजिनिअर झाली, घोडबंदर रस्त्यावर राहायला गेली, परंतु लग्नाची बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न तोच येतो. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘जातिनिर्मूलन’ या प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात आंतरजातीय विवाह हाच जातिभेदावरचा खरा उपाय असल्याचे म्हटले होते. त्या दृष्टीने पाहिले तर एलिझाबेथ आणि डार्सी यांच्या लग्नाने समाजात कोणतीच भिंत पडत नाही.

कायद्याचा विद्यार्थी

वारसाहक्काच्या मुद्द्यावर थोडे लिहितो, कारण पुढील चर्चेला ते उपयोगी पडेल.

लाँगबोर्नच्या जमिनीवरचे बंधन अभेद्य नव्हते. बेनेट यांना मुलगा झाला असता तर तो सज्ञान झाल्यावर बापलेकांनी मिळून ते बंधन रद्द करून घेतले असते आणि विधवेची व मुलींची सोय केली असती. कादंबरीत हे स्पष्ट म्हटले आहे. मुलगा होणारच, या भरवशावर नवराबायकोने काटकसर केली नाही. लागोपाठ पाच मुली झाल्या, धाकट्या लिडियानंतरही कित्येक वर्षे आई मुलाची आशा धरून होती, आणि आशा सुटली तेव्हा बचत करायला फार उशीर झाला होता. लग्नाच्या करारानुसार आई आणि मुली यांच्या नावे एकूण ५,००० पौंड ठेवलेले होते. कॉलिन्सने सांगितलेले १,००० पौंड म्हणजे त्यांचाच पाचवा हिस्सा.

म्हणून मला श्रीयुत बेनेट यांचा दोष कायद्याच्या दोषापेक्षा कमी वाटत नाही. लिडिया विकहॅमबरोबर पळून जाते तेव्हा तिचे लग्न लावून देण्यासाठी डार्सी गुपचूप पैसा ओततो: विकहॅमचे १,००० पौंडांहून अधिक असलेले कर्ज फेडतो, लिडियाच्या नावे आणखी १,००० पौंड करून देतो आणि विकहॅमला सैन्यातील अधिकारपद विकत घेऊन देतो. वडिलांना द्यावे लागतात वर्षाला १०० पौंड. आणि हिशेब केल्यावर त्यांच्या लक्षात येते की लिडिया घरी असताना तिच्यावर जवळजवळ एवढाच खर्च होत होता, म्हणजे तोटा वर्षाला जेमतेम १० पौंडांचा. मुलीच्या सर्वनाशाच्या दिवसांतही त्यांना हायसे वाटते. लेखिकेने या माणसाला कुठेही उपदेश केलेला नाही, फक्त त्याचा जमाखर्च मांडला आहे.

आपल्याकडे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतंत्र मालमत्तेत वाटा दिला, वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये तिला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. कागदावर आपली एलिझाबेथ लाँगबोर्नची वारस आहे. प्रत्यक्षात दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन पाहावे. भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देणाऱ्या बहिणी तिथे रांगेत दिसतात. कोणी जबरदस्ती केलेली नसते. माहेर तुटू नये, एवढ्यासाठी सही होते. कॉलिन्सला कायद्याने मिळाले ते आपल्याकडील भावाला नात्याने मिळते.

कोपरीकरांच्या मुद्द्यावर एक सूचना. १८०२ च्या मागणीचा आणि शार्लटच्या वयाचा संबंध जोडताना जपून असावे. या कादंबरीचा पहिला खर्डा १७९६–९७ मध्ये, म्हणजे त्या मागणीच्या आधीच लिहून झाला होता. तो खर्डा आज उपलब्ध नाही.

तलावपाळी (धागाकर्ती)

सर्वांचे प्रतिसाद वाचून विषय पुष्कळ रुंदावला, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

कोपरीकर, आपण १८१४ च्या पत्राचा उल्लेख केला. त्याच भाचीला, फॅनी नाइटला, जेन ऑस्टेनने मार्च १८१७ मध्ये आणखी एक पत्र लिहिले आहे. अविवाहित स्त्रियांना गरीब होण्याची भयंकर खोड असते आणि लग्नाच्या बाजूने हा एक फार भक्कम मुद्दा आहे, असे त्यात म्हटले आहे. हे तिने अनुभवाने लिहिले आहे. १८०५ मध्ये वडील वारल्यावर आई आणि दोघी बहिणी भावांच्या मदतीवर राहिल्या. १८०९ मध्ये एडवर्ड या भावाने चॉटन येथे घर दिले तेव्हा कुठे बूड स्थिर झाले. ही कादंबरी तिने प्रकाशकाला एकरकमी ११० पौंडांना विकली. तेव्हा १८१४ चे पत्र आणि १८१७ चे पत्र एकाच बाईचे आहे आणि दोन्ही तितकीच खरी आहेत. मी पहिले पत्र एलिझाबेथचे आणि दुसरे शार्लटचे मानते.

एलिझाबेथ मैत्रिणीला कठोरपणे दोष देते हे आपण दाखवून दिले ते योग्यच आहे. पण थोडे पुढे वाचावे. विकहॅम एलिझाबेथला सोडून १०,००० पौंडांची वारस झालेल्या मिस किंगच्या मागे लागतो, तेव्हा हीच एलिझाबेथ त्याला क्षमा करते, आणि देखण्या तरुणांनाही पोटापाण्याचे पाहावेच लागते असे लिहिते. मामीने छेडल्यावर ती उलट विचारते की लग्नाच्या बाबतीत शहाणपण कुठे संपते आणि हाव कुठे सुरू होते. हा प्रश्न ती विकहॅमसाठी विचारते, शार्लटसाठी विचारत नाही. तिच्या न्यायात ही जी उणीव आहे ती लेखिकेला दिसत होती असे मला वाटते. म्हणून नायिकेचे प्रत्येक मत लेखिकेचे मत धरता येत नाही.

पुरुषांचीही यातून सुटका नाही. डार्सीचा मामेभाऊ कर्नल फिट्झविल्यम हा उमरावाचा धाकटा मुलगा आहे. एलिझाबेथ त्याला आवडते, पण धाकट्या मुलांना पैशाचा विचार सोडून लग्न करता येत नाही हे तो तिला सौजन्याने आधीच सुचवून ठेवतो. आणि कोणी त्याला लोभी म्हणत नाही.

घोडबंदर

एक छोटासा मुद्दा. एलिझाबेथचे लग्नही निव्वळ प्रेमाचे आहे का? डार्सीवर प्रेम केव्हा जडले असे जेनने विचारल्यावर ती, पेम्बर्ली या डार्सीच्या इस्टेटीची सुंदर जमीन पाहिली तेव्हापासून, असे उत्तर देते. ती हे थट्टेने म्हणते हे मान्य. पण पेम्बर्ली प्रथम पाहताना, आपण या सगळ्याची मालकीण होऊ शकलो असतो, हा विचार तिच्या मनात येतो तो थट्टेचा नाही. मला यात काही गैर वाटत नाही. माझ्या मैत्रिणी लग्नाचा विचार करताना मुलाचा स्वभाव आणि मुलाचे घर हे दोन वेगळे कप्पे करीत नाहीत, कारण ज्या घरात राहायचे तिथेच तो स्वभाव रोज भेटणार असतो.

कोपरीकर

घोडबंदर, पेम्बर्लीच्या प्रसंगाचे आपले वाचन मला अर्धे वाटते. घर पाहून ती क्षणभर मोहवते, पण तिचे मत बदलते ते तिथल्या जुन्या कारभारणीच्या, मिसेस रेनल्ड्सच्या, साक्षीने. मालकाला तो चार वर्षांचा असल्यापासून मी ओळखते आणि त्याने मला कधी कठोर शब्द बोललेला नाही, असे ती बाई सांगते. त्यावर एलिझाबेथच्या मनात विचार येतो की समंजस नोकराने केलेल्या स्तुतीहून अधिक मोलाची स्तुती कोणती. किती लोकांचे सुखदुःख या माणसाच्या हाती आहे, हे तिला तेव्हा उमगते. पैसा आणि जमीन हे तिथे भोगाचे साधन राहत नाही, जबाबदारी होते. डार्सी पेम्बर्लीचा मालक म्हणून कसा वागतो हे कळल्यावरच ती त्याला पती म्हणून योग्य मानू लागते. शार्लटने कॉलिन्सच्या बाबतीत असे काही पाहिले नाही. त्याची नोकरी आणि घर पाहिले. फरक मला इथे दिसतो आणि तो मोठा आहे.

वागळे इस्टेट

कोपरीकर, मिसेस रेनल्ड्सचा मुद्दा आपण योग्य वेळी आणला. नोकरांना या कादंबरीत स्थानच नाही असा माझा सूर होता, त्याला आपला मुद्दा जरूर छेद देतो. एका नोकर बाईच्या शब्दावर कथेचे वळण ठरते. तरीही एक गोष्ट राहते. तिची साक्ष मालकाच्या बाजूची आहे. चांगला मालक असावा, इथपर्यंत कादंबरी येते. मालक का असावा, इथे ती जात नाही. १८१३ च्या लेखिकेकडून मी तशी मागणीही करीत नाही, परंतु आजच्या वाचकाने, विशेषतः चांगले घराणे हा शब्दप्रयोग लग्नाच्या बैठकीत सहज वापरणाऱ्या आपल्या समाजातील वाचकाने, हे नजरेआड करू नये.

चरईची वाचक

कोपरीकर, शार्लटने कॉलिन्समध्ये काही पाहिले नाही हे मला मान्य आहे. परंतु लग्नानंतर ती काय करते तेही पाहू या. हन्सफर्डला गेल्यावर तिने स्वतः बसण्यासाठी मागच्या बाजूची खोली निवडली आहे. पुढची खोली मोठी आणि अधिक प्रसन्न असूनही तिने असे का केले, याचे एलिझाबेथला आधी नवल वाटते. मग लक्षात येते की मागची खोली तितकीच छान असती तर नवरा सारखा तिथेच येऊन बसला असता. बागकाम प्रकृतीला चांगले असते म्हणून ती त्याला उत्तेजन देते. तो काही लाजिरवाणे बोलला की ती बहुधा ऐकलेच नाही असे दाखवते. आपल्या घराचा, कोंबड्यांचा आणि गावातील कामांचा तिला कंटाळा आलेला नाही. एलिझाबेथ आली तेव्हा ती दयाबुद्धीने आली होती. निघताना मैत्रिणीसाठी वाईट वाटत असूनही तिच्या मनात आदर निर्माण झालेला असतो, कारण शार्लटने हे सगळे उघड्या डोळ्यांनी पत्करले आहे आणि ती कोणाकडे कणव मागत नाही.

माझ्याकडे नाव नोंदवणाऱ्या मुलींपैकी ज्यांनी अशीच विचारपूर्वक लग्ने केली, त्यांच्यातील काही पुढे भेटतात तेव्हा याच स्वरात बोलतात. संसार चांगला चालला आहे असे म्हणतात, नवऱ्याविषयी फारसे बोलत नाहीत, आणि स्वतःच्या खोलीविषयी, नोकरीविषयी, मुलांविषयी भरभरून बोलतात. त्यांना दुःखी म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि त्यांना सुखी म्हणून प्रकरण मिटवणेही बरोबर वाटत नाही.

कायद्याचा विद्यार्थी

शार्लटच्या हिशेबाचा आणखी एक भाग राहून गेला. हन्सफर्डला असताना एलिझाबेथचे लग्न फिट्झविल्यमशी व्हावे असे शार्लटला वाटते, कारण तो स्वभावाने अधिक मनमिळाऊ आहे. पण चर्चच्या जागांवर नेमणूक करण्याचा अधिकार डार्सीकडे आहे आणि फिट्झविल्यमकडे नाही, हेही ती त्याच वेळी जमेस धरते. मैत्रिणीचे भले चिंतितानाही नवऱ्याच्या बढतीचा विचार तिला सोडता येत नाही. या जागी मला कोपरीकरांचे म्हणणे पटते. असा हिशेब एकदा मांडायला घेतला की तो कुठे थांबवायचा हे माणसाच्या हाती राहत नाही.

तलावपाळी (धागाकर्ती)

तो प्रसंग मी शार्लटच्या विरोधात धरणार नाही. फिट्झविल्यम अधिक चांगला, हे तिचे पहिले मत आहे आणि ते मैत्रिणीच्या सुखाचे मत आहे; चर्चच्या जागा नंतर येतात. शिवाय डार्सी आणि एलिझाबेथ यांचे लग्न ठरते तेव्हा लेडी कॅथरीन संतापतात आणि हन्सफर्डला राहणे अवघड होते. कॉलिन्सचे पद त्या काढून घेऊ शकत नाहीत, कारण अशी नेमणूक तहहयात असते, पण रोजचे जिणे त्यांच्या मर्जीवर आहे. अशा वेळी ज्यांच्या मर्जीवर नवऱ्याचे भले अवलंबून होते त्या लेडी कॅथरीन यांना जपून राहणे हाच शार्लटच्या नेहमीच्या हिशेबाप्रमाणे शहाणपणा ठरला असता. प्रत्यक्षात तिला या लग्नाचा मनापासून आनंद झालेला आहे, असे लेखिका सांगते. वादळ शमेपर्यंत ती माहेरी लुकस लॉजला येऊन राहते, म्हणजे एलिझाबेथच्या सुखाच्या दिवसांत ती तिच्या जवळ असते. त्या वेळी तिला दिवस गेलेले आहेत हे कॉलिन्सच्या पत्रावरून आपल्याला आधीच कळलेले असते. ते मूल मुलगा झाले तर लाँगबोर्न पुढे त्याच्याकडे जाईल, आणि श्रीयुत बेनेट वारल्यावर श्रीमती बेनेट व अविवाहित राहिलेल्या मुलींना घर सोडावे लागेल तेव्हा किल्ल्या ताब्यात घेणारी बाई शार्लटच असेल. त्या प्रसंगी ती कशी वागेल याविषयी कोपरीकर, चरईची वाचक आणि इतर सर्वांचे काय मत आहे, ते जरूर लिहावे. शनिवारच्या बैठकीत आम्ही हाच भाग पुन्हा वाचणार आहोत.

चरईची वाचक

ती श्रीमती बेनेट यांना घाईने बाहेर काढणार नाही, याची मला खात्री आहे. कॉलिन्स लांबलचक भाषण करील, आणि तेवढ्या वेळात ती त्यांच्या सामानाची सोय लावून देईल.

कोपरीकर

एवढे मीही मान्य करतो.